हॉर्नची हाक

रस्त्यात कुणी वाट देईना, म्हणून टॅक्सीवाल्याने गाडीचा मूळचा पिचका हॉर्न काढून दणदणीत आवाजाचा नवा बसवून घेतला. घरासमोर येऊन त्याने ऐटीत तो वाजवला, आणि अख्खी गल्ली हादरली. शेजारीण धुणं टाकून कुंपणाशी आली. "कानठळ्या बसल्या! आधी काढ तो!" बायकोही दारात येऊन डाफरली. तो ओशाळून काही बोलणार, इतक्यात पायरीवर मटार सोलत बसलेल्या वडिलांनी मान वर केली. त्यांचे कान जाऊन कैक वर्षं झाली होती. कानाशी ओरडलं तरी ते नुसते हसायचे. आता मात्र ते धडपडत गाडीपाशी आले. "तू हाक मारलीस ना रे? मार की पुन्हा!" गोंधळून तो कधी वडिलांकडे, कधी शेजारणीकडे बघत राहिला. शेजारणीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. "बघतोस काय मेल्या," ती म्हणाली, "वाजव!"