यासेना आणि नोव्हा यासेना

"पाऊस?" दिमोने विचारले.

"वर्षाला सहाशे चाळीस मिलिमीटर," दोनका म्हणाली. "एकतीस वर्षांची सरासरी आहे. रोज सकाळी सातला मीच मोजते. तुमच्याकडे?"

"हजाराच्या वर. जुलै मात्र कोरडा."

"जुलैत तुमचा हिवाळा. ठाऊक आहे मला. लिही पुढे, इंजिनिअरसाहेब."

दिमो अर्जेंटिनातल्या नोव्हा यासेनाहून आला होता. पन्नास वर्षांपूर्वी बल्गेरियातल्या या यासेना गावची कुटुंबे बोटीने तिकडे गेली आणि जंगल तोडून वसली. वसाहतीच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकासाठी तो दोन्ही गावांचा तुलनात्मक तक्ता तयार करीत होता : स्थान, हवामान, लोकसंख्या. गावच्या कचेरीला कुलूप होते. कुणीतरी त्याला पर्जन्यमापकाच्या बाईकडे पाठवले. वाटेत दारोदारी काळ्या चौकटीची पत्रके चिकटवलेली होती, वारलेल्या माणसांची. काही दारांवर पाच-सहा होती. आत कोणी असल्याचा आवाज मात्र कुठल्याच दारातून आला नाही.

दोनका सत्तर वर्षांची होती. तिला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो अठ्ठेचाळीस वर्षे विचारायचा राहिला होता. राइको त्या बोटीने गेला तेव्हा त्यांचे लग्न ठरलेले होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला टाकून तिला जाता येईना. आजी वारल्यावर तिने तिकडे जायचे, असे ठरले. दोन वर्षे त्याची पत्रे आली. आजी वारली आणि पत्रे थांबली. का थांबली, हे तिला कधी कळले नाही. तिने दुसऱ्या कुणाशी लग्न केले नाही. तरीही परक्या माणसाजवळ राइकोचे नाव काढणे तिच्या जिवावर येत होते. म्हणून ती हवामानावर बोलत होती.

"उन्हाळा कसा?"

"जानेवारीत बेचाळीस अंश."

"म्हणजे नाताळचं डुक्कर ऐन उन्हात कापता? मांस टिकतं तरी का?"

"टिकवतो कशाला? दुपारपर्यंत फस्त."

"हावरट झालात तिकडे जाऊन." तिने हिरव्या अक्रोडाच्या मुरांब्याची बशी त्याच्यापुढे सरकवली. "आणि चढण? इथल्यासारखी आहे का?"

"छे. सगळं सपाट. पण घरांचा क्रम इथलाच ठेवलाय. इथं जे दार ज्या दारासमोर, तिथंही तसंच. जे कुटुंब आलं नाही, त्याची जागा मोकळी सोडलेली."

"घरं किती?"

"एकोणसाठ. माणसं तीनशे बारा. एक घर रिकामं."

"कुठलं?"

दिमो जरा अवघडला. "हेच," तो म्हणाला. "म्हणजे तिथलं हे. पाणवठ्यापासून तिसरं. तुमचे लोक आले नाहीत ना? त्या मोकळ्या जागेवर माझ्या काकांनी बांधलं. राइकोकाकांनी."

दोनकाने चमचा बशीत ठेवला.

"मग राहत का नाही तो त्यात?"

"त्यांची नवरी यायची होती. ती वारली. इथून तिचं पत्रक आलं. पत्रकाला घराचं दार लागतं. काकांनी ते त्या दारावर लावलं. दर वर्षी नवं छापून घेतात, भिंतींना चुना देतात. त्या दारावरून जाताना आम्ही टोपी काढायचो. मघाशी तुमच्या फाटकाशीसुद्धा माझा हात आपोआप डोक्याकडे गेला."

"काय छापलंय त्यावर?"

"दोनका व्हल्कोवा, यासेना. सोळा ऑक्टोबर एकोणीसशे तीस."

ते पत्रक तिनेच पाकिटात घातले होते. ते आजीचे होते. रिवाजाप्रमाणे नातीला आजीचे नाव ठेवलेले होते, पण आजीला त्या नावाने कुणी हाक मारीत नसे. गावाला ती व्हल्कोची बायको, व्हल्कोवित्सा. तिचे खरे नाव गावाने पहिल्यांदा वाचले ते पत्रकावर. वय कुणी छापत नसे. ते सगळ्यांना ठाऊक असे. सुतकाच्या चाळीस दिवसांत पत्र लिहायचे नसते, म्हणून तिने सोबत एक ओळही घातली नव्हती. पाकिटावरचा पत्ता परक्या लिपीत लिहायचा होता. तो गुरुजींनी लिहिला. आजी गेली, मी मोकळी झाले, आता तिकीट पाठव, एवढेच तिला कळवायचे होते. तिकीट आले नाही, तेव्हा पुन्हा लिहून विचारणे तिला कमीपणाचे वाटले.

"पत्रक माझ्या आजीचं होतं," ती म्हणाली. "दोनका मी."

दिमोची पेन्सिल थांबली. तो खाली पाहून हळूच म्हणाला, "काका आहेत अजून. पंचाहत्तर वर्षांचे. मी आजच शहरात जाऊन तार करतो."

"काय लिहिशील तारेत?"

"तुम्ही आहात म्हणून."

"आणि त्यानं अठ्ठेचाळीस वर्षं चुना दिला, त्याचं काय करायचं?" "नको, पोरा. त्याच्याजवळ एक दोनका आहे. बावीस वर्षांची आहे. ही म्हातारी दारात उभी राहिली तर तो तिला ओळखायचासुद्धा नाही."

"पण तुम्ही..."

"मला हवं होतं ते कळलं. तो विसरला नव्हता."

बाहेर वारा नव्हता. गल्लीतून कुणाची पावलेही वाजली नाहीत. तिनेच उघडी वही त्याच्यापुढे ओढली.

"तक्ता पुरा कर. काय राहिलं?"

"इथली लोकसंख्या."

तिने बोटांवर माणसे मोजली. वरच्या गल्लीत नऊ. पाणवठ्याकडे चार. गिरणीजवळ तीन. खालच्या गल्लीत कोणी नाही. दिमोने बेरीज केली.

"सोळा. तुम्हाला धरून सतरा."

"मला तिकडे धर," दोनका म्हणाली. "माझं घर तिकडे आहे."