आधी खाली न्या

“शाल नको मला,” कुमुदिनी ढवस व्यासपीठावर म्हणाल्या. “आधी खाली न्या, खाणीत.”

खाणीच्या महाव्यवस्थापकांचे हात शालीसकट थबकले. देशाच्या खाणउद्योगातल्या थोरांचा सत्कार चालू होता. चौघांनी हार घेतले होते. पाचव्या कुमुदिनीबाई. एकतीस वर्षं त्यांनी कोळशाच्या या खाणीचे नकाशे काढले, पण बायकांना खाणीत उतरायला तेव्हा कायद्यानेच बंदी होती.

एकदा मोजमापं तपासून त्या तेव्हाच्या साहेबांना म्हणाल्या होत्या, “पुढे जुन्या, बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलंय. काम थांबवा.”

साहेब हसले होते. “बाई, तुम्ही खाण कधी पाहिलीय तरी का?”

बाईंनी नकाशावर सही करायचं साफ नाकारलं, तेव्हा कुठे काम थांबलं. दोन खाणींमधल्या भिंतीला बारीक भोक पाडून पाहिलं, तर पाणी उसळून अंगावर आलं. त्या पाळीतली बावन्न माणसं वाचली.

“आता कायदा बदललाय,” बाई आज म्हणाल्या.

“पण मॅडम, या वयात?” महाव्यवस्थापक कुजबुजले.

“गुडघे माझे आहेत. परवानगी तेवढी तुमची.”

मागच्या रांगांतले कामगार उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या थांबेचनात, तेव्हा महाव्यवस्थापकांनी होकारार्थी मान हलवली.

दुपारी हेल्मेटवरचा दिवा लावून बाई लिफ्टसारख्या लोखंडी पाळण्यातून खाली उतरल्या. समोर काळ्या बोगद्याला फाटे फुटत होते.

“मॅडम, माझ्या मागे राहा. नवख्या माणसाला इथे वाट सापडत नाही,” सोबतचा तरुण अधिकारी म्हणाला.

“तूच माझ्या मागे ये,” बाई म्हणाल्या आणि न थांबता उजव्या फाट्याला वळल्या.