काळजाचं मत

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी मत आता बोटाने द्यायचं नव्हतं. ज्याला बघून काळीज जास्त धडधडेल, त्याला मनगटावरची पट्टी परस्पर मत देऊन टाकायची.

मालिकेतली लाडकी सून शाल्मली उपांत्य फेरीत बिनचूक नाचली आणि जेमतेम तरली. सख्ख्या आईचं मतही प्रतिस्पर्ध्याला गेलं होतं.

"अगं, तो धाडकन पडला! काळजात धस्स झालं. मी काय करू?"

अंतिम फेरीत गिरकी घेताना शाल्मली पडली. घराघरांत पट्ट्या थरथरल्या आणि ती जिंकली. आईची पट्टी मात्र ढिम्म.

करंडक हातात घेऊनच तिने विचारलं, "आई, मी पडले तरी काहीच झालं नाही तुला?"

"शाळा बुडवायची असली की अशीच पडायचीस," आई म्हणाली. "आधी जागा बघून."