बोटभर जागा

दगडावर स्तामेनाचं नाव नव्हतं.

तिने मागे सरून पाहिलं, कडेने पाहिलं. कबरीचा चकचकीत काळा दगड, त्यावर तिच्या नवऱ्याचं, विदोयेचं हसरं तोंड, खाली नाव, जन्मसाल आणि गेल्या वर्षीचं ते साल. सगळं अगदी मधोमध. शेजारी बोटभर जागासुद्धा सोडलेली नव्हती.

आणि या गावात तर नवऱ्याचा दगड बसला की त्यावर बायकोही येतेच. तिचा फोटो येतो, जन्मसाल येतं, पुढे एक आडवी रेघ. मग बाई त्या रेघेपुढे खुशाल तीस वर्षं जगते आणि रविवारी येऊन स्वतःचा फोटो पुसते. सासूबाईंचंच घ्या. शेजारच्या दगडावर सासऱ्यांच्या बाजूला रादोयका कधीच्याच बसल्या होत्या, आणि फोटो असा तरणाताठा निवडलेला की सासरे त्यांचे वडील वाटत.

स्तामेनाने पाथरवट ओब्रादला विचारलं, विसरलात का म्हणून. त्याने छिन्नीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, तिच्याकडे तेवढं पाहिलं नाही. रादोयकाबाईंनी सांगितलं तसंच कोरलंय, म्हणाला. आणि एकाएकी त्याला चाकातली हवा बघायची आठवण झाली.

म्हणजे मुद्दाम. उद्या विदोयेला वर्ष झाल्याची प्रार्थना. सगळं गाव येणार, उकडलेल्या गव्हाचा घास खाणार, आलुबुखाराच्या दारूचे चार थेंब मातीत सांडणार आणि दगड वाचणार.

विदोये गेला तेव्हा मावशीने शहरातून निरोप धाडला होता, निघून ये. स्तामेनाला आई नव्हतीच. माहेर म्हणायचं तर मावशीच्या बैठकीतला सोफा. ती गेली नाही. मळ्यातली रास्पबेरी पिकलीय, खुडायचीय, असं तिने कळवलं. खरं कारण वेगळं होतं. रोज सकाळी म्हातारी सासू सवयीने तीन कप कॉफी करायची, आणि तिसऱ्या कपाकडे दोघी बघत बसायच्या. असं बघत बसणं जगात दुसऱ्या कुणाबरोबर जमलं नसतं. पुढे त्या कपावरून भांडणं लागली. तुम्ही घ्या, तुमचा मुलगा. तू घे, तुझा नवरा. शेवटी अर्धा अर्धा ठरला, आणि मग कुणाचा अर्धा मोठा यावरून.

तरी खुणा दिसत होत्याच. म्हातारी तिला ‘सूनबाई’ म्हणेनाशी झाली होती, नुसतं ‘पोरी’. जत्रेतून निळा ब्लाउज आणून, वर्ष झालं की सुतकाचं काळं उतरव म्हणून मागे लागली होती, जणू दुःख म्हणजे थंडीतला कोट. आणि ती बकरी. कुंपण चावून खाणारी, धडधाकट बकरी. तिच्यासाठी दर आठवड्याला गुरांचा डॉक्टर. हा रातोमिर विधुर, अबोल माणूस. बकरीचं पोट दाबायचा, ठीक आहे म्हणायचा, आणि स्तामेना कॉफी आणेपर्यंत टोपी हातात धरून उभा राहायचा. स्तामेनाला वाटायचं, लेकाच्या मागे म्हातारीचं डोकं चालेनासं झालं.

रादोयका मेणबत्त्यांची टोपली घेऊन धापा टाकत चढ चढून आली.

"आई, माझं नाव कुठंय?"

"का, विसरलीस? दगडावर वाचल्याशिवाय आठवत नाही?"

"थट्टा नको. मी नको असेन तर सरळ सांगा. उद्याचं उरकलं की जाते."

"कुठे?"

म्हातारी टेकली ती स्वतःच्याच दगडाच्या कडेवर. पदरी होता नव्हता तेवढा दम गोळा केला, एप्रनच्या टोकाने आपल्या तरण्या फोटोवरची धूळ पुसली.

"बकरीला काही झालेलं नाही, ते मला कळतं," ती म्हणाली. "रातोमिरलाही कळतं. बकरीलासुद्धा कळत असेल. कळत नाही ते तुला एकटीला. आता मला सांग, जिचा फोटो मेलेल्या नवऱ्याशेजारी डकवलाय, त्या बाईला मागणी घालायला कुणाची छाती होईल?"

"मला कुणी नकोय. मी या घरची सून आहे."

"होतीस."

रादोयकाने काडी ओढली. मेणबत्तीची वात मेणात रुतलेली, पेटेना. स्तामेनाने तिच्या हातून काडी घेतली आणि लावली.

"विदोयेला इथे ठेवून परत गेलो, तेव्हा घरात आपण दोघीच शिरलो," म्हातारी ज्योतीकडे बघत म्हणाली. "त्या दिवसापासून एकदा तरी तुला सूनबाई म्हटलंय मी? सुनेचं नाव कोरलं असतं की, त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. पण पोरी, लेकीचं नाव माहेरच्या दगडावर कोण कोरतं?"