दह्याच्या झाकणावरचा थेंब

नवरा काम करतो त्या जयनगरच्या लॅबमधला फ्रिज बंद पडला, म्हणून त्याने रक्ताच्या नळ्यांचा अख्खा स्टँड घरी आणला आणि आमच्या फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाला खेटून ठेवला. माझी पाळी सुरू होती, त्यामुळे मी स्वयंपाकघराच्या दाराशी वेगळ्या चटईवर बसले होते. तिथूनही उघड्या फ्रिजमधलं सगळं दिसत होतं. उभ्या उभ्या नळ्यांतलं रक्त फाटलं होतं. वर पातळ तुपासारखं पिवळं पाणी, मध्ये सायीसारखा पांढरा पापुद्रा, खाली दाट, काळपट लाल. "शी! खायचं तरी बाहेर काढते," म्हणत मी उठले. "तू स्वल्प लांबच राहा," सासूबाई ओरडल्या. "फ्रिजला शिवलीस तर दही नासेल." "आणि हे एवढं रक्त, अत्ते?" मी सासूबाईंना विचारलं. "ते तपासणीचं. त्याला कसला आलाय विटाळ?" दही काढताना त्यांच्या कोपराने स्टँड कलला. कडेच्या नळीचं बूच सैल होतं. दह्याच्या झाकणावर एक थेंब ओघळला. सासूबाईंनी तो पदराने पुसला आणि त्याच हाताने जेवायला बसलेल्या लेकाच्या भातावर दही वाढलं. त्याने पाहिलं होतं, तरी कालवलं. त्याने पहिला घास गिळेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "अत्ते, कडेची ती नळी माझी. चक्कर येत होती म्हणून सकाळीच ह्यांनी माझं रक्त काढलंय."