हरकत

बोथ गावच्या छोट्या चर्चमध्ये पाळकांनी तिसऱ्या रविवारीही तीच सूचना वाचली: विधवा सालोमीबाई आणि विधुर एलियाजी यांचं लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी. सालोमीबाईनं मान खाली घातली. लुळ्या पडलेल्या नवऱ्याची सेवा करण्यात तिची अर्धी उमर सरली होती. लग्नाचं कळल्यापासून मुलगा शांतवन तिच्याशी बोलत नव्हता आणि त्याच्याशी भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तो नको म्हणाला तर मुकाट घरी जायचं, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात शांतवनच उठला. “हरकत नाई, पाळकसाहेब. पन बाबाचं करू करू माय थकली. आता एलियाकाकानं तिले चहा करून द्यावा.” “रोज देईन, बाबू,” एलियाजी म्हणाले. शेवटच्या प्रार्थनेला सारी मंडळी उभी राहिली. सालोमीबाई मात्र भिंतीला टेकून गाढ झोपली होती.