स्थानिक पालक

‘स्थानिक पालक हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.’

वसतिगृहाच्या कचेरीत संगणकापुढं बसलेल्या प्रांजलनं तिसऱ्यांदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा तीच लाल ओळ आली. टेबलापलीकडं दौंडजवळच्या वरवंडहून आलेल्या धुरपदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. शेजारी त्यांची पूनम. दहावीला एक्क्याण्णव टक्के. शिरूरच्या मुलींच्या वसतिगृहात प्रवेशाचा आज शेवटचा दिवस.

“शिरूरात आमचं कुनी न्हाई, ताई,” धुरपदाबाई म्हणाल्या. “असतं तर पोरगी वसतिगृहात कशाला घातली असती?”

प्रांजल वरमली. वसतिगृहाची ही वेबसाइट तिनंच गेल्या आठवड्यात नव्यानं बांधली होती. जुनी तिला कॉलेजात शिकवलेल्या हौसराव सरांनी केलेली, पीएचपी या संगणकभाषेत साधेपणानं लिहिलेली. फॉर्ममधून जे येईल ते $_POST मधून जसंच्या तसं उचलायचं, ना चाळण ना तपासणी. प्रांजलनं ते सगळं काढून फ्रेमवर्कच्या, म्हणजे नियम स्वतःच तपासणाऱ्या आयत्या सांगाड्याच्या, हवाली केलं होतं. आता नियमात न बसणारं काहीच आत जात नव्हतं.

मग आधी अशा मुलींना प्रवेश कसा मिळायचा? तिनं जुनी फाइल उघडली. त्या पसाऱ्यात एक ओळ होती, तिनं बिनकामाची म्हणून गाळलेली. पालकाचा रकाना रिकामा असेल, तर तिथं ‘हौसराव कोरेकर’ लिही.

तिनं न्हावऱ्याला सरांना फोन लावला. निवृत्तीनंतर ते गावीच राहत होते.

“सर, जुन्या कोडात तुमचं नाव चुकून राहिलं होतं का?”

“चुकून न्हाई, पोरी. ठेवलं व्हतं,” सर हसले. “इथं कुनी न्हाई म्हणून लेकरू माघारी धाडायचं का? आन् नाव दिलं म्हंजी जावं बी लागतं. कुनाला ताप आला, कुनाची यष्टी चुकली, की फोन मलाच.”

प्रांजलला याच वसतिगृहातले आपले दिवस आठवले. तीही दौंडकडचीच. अकरावीत तिला कावीळ झाली, तेव्हा सर सहा दिवस सरकारी दवाखान्यात मऊ भाताचा डबा घेऊन येत होते. आपला वर्गात पहिला नंबर येतो म्हणून सर येतात, असं ती इतकी वर्षं समजत होती. तिच्या आईनंही तो रकाना रिकामाच सोडला होता.

“सर, तुमचं नाव परत घालते,” ती कशीबशी म्हणाली.

“नगं गं. गुडघे गेले माझे. बोलावलं तर आता येनं व्हायचं न्हाई.”

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. रिकाम्या जागी कुठलं नाव घ्यायचं, हे फ्रेमवर्कला सांगायला एक ओळ पुरते. तिनं ती लिहिली, बटण दाबलं. अर्ज गेला. छापून आलेला कागद धुरपदाबाईंनी लेकीपुढं धरला. “वाच.”

“स्थानिक पालक, प्रांजल शेलार,” पूनम अडखळली. “ह्या कोन?”

“मी,” प्रांजल म्हणाली, आणि कागदावर आपला फोन नंबर लिहू लागली.